फवारा मारला की माणूस विश्वास ठेवतो? ‘ट्रस्ट हार्मोन’च्या भीतीमागचं खरं-खोटं

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या मीरा रोडच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री दहा वाजता अचानक पेटला. एरवी तिथे पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं आणि गुड मॉर्निंगची फुलं यापलीकडे काही नसतं. पण त्या दिवशी बी विंगच्या काकूंचे दागिने गेले होते.

झालं असं, की काकू दुपारी भाजी घेऊन घरी येत होत्या. वाटेत दोघांनी थांबवलं. एकाने ओळखपत्रासारखं काहीतरी भुर्रकन दाखवलं आणि म्हणाला, “मावशी, आम्ही पोलीस. पुढे आत्ताच एकीची चेन खेचली, चेकिंग चालू आहे. एवढं सोनं घालून कुठे निघालात? काढून पिशवीत ठेवा.” काकूंनी चार बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. दुसऱ्याने ते सगळं कागदात नीट बांधून त्यांच्या हातात दिलं, वर “सांभाळून जा” असंही सांगितलं. घरी येऊन पुडी उघडली तर आत दोन काचेच्या बांगड्या आणि खडी.

ग्रुपवर पाच मिनिटांत निदान झालं. “काहीतरी हुंगवलं असणार.” “हिप्नोटाइज करतात हो.” आणि मग एकाने अगदी शास्त्रशुद्ध आवाजात लिहिलं, की हल्ली ऑक्सिटोसिनचा स्प्रे येतो, तो नाकात गेला की माणूस समोरच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, परदेशात ऑनलाइन मिळतो, गूगल करून बघा.

मी बघितलं. आणि गंमत म्हणजे, त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. असा फवारा खरंच विकला गेला होता. ‘ऑक्सिटोसिनमुळे माणसाचा माणसावरचा विश्वास वाढतो’ असं सांगणारा शोधनिबंध जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या विज्ञान नियतकालिकांपैकी एकात छापून आला होता. मग काकूंच्या बाबतीत तसंच झालं असेल का? हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

पान्हा फुटतो तेव्हा

ऑक्सिटोसिन हे नाव नवं वाटलं तरी त्याचं काम मराठी माणसाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. आपल्याकडे त्यासाठी एक सुंदर शब्द आहे, पान्हा. बाळ रडलं की आईचं दूध आपोआप पाझरायला लागतं, वासराने आचळाला तोंड लावलं की गाय पान्हवते. यामागे हेच हार्मोन असतं. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात तयार होतं आणि पीयूष ग्रंथीतून रक्तात सोडलं जातं.

१९०६ मध्ये हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला असं दिसलं, की पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागाच्या अर्कामुळे गर्भाशय आकुंचन पावतं. पुढे व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हा रेणू नऊ अमिनो आम्लांचा आहे हे उलगडलं आणि तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. त्याला १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हापासून जगभरच्या प्रसूतिगृहांत हे इंजेक्शन रोजच्या वापरात आहे. कळा वाढवायला ते देतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर सगळ्यात आधी हात जातो तो याच इंजेक्शनकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. तुमच्या-माझ्या जन्माच्या वेळीही ते कदाचित टेबलावर ठेवलेलं असेल.

मग बाळंतपणाचं औषध विश्वासापर्यंत कसं पोचलं? वाटेत उंदरासारखा एक छोटा प्राणी आला, प्रेअरी व्होल. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातला हा प्राणी जोडीने राहतो, आणि ही जोडी जमण्यात ऑक्सिटोसिनचा वाटा आहे असं १९९० च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसत होतं. आईचं बाळाशी नातं, नराचं मादीशी नातं. मग शास्त्रज्ञांच्या मनात साहजिकच आलं, की अनोळखी माणसाशी नातं जोडतानाही हेच काम करत असेल का?

झुरिचमधला पैशांचा खेळ

२ जून २००५ रोजी ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. मायकेल कोसफेल्ड, मार्कुस हाइनरिक्स, पॉल झॅक, उर्स फिशबाखर आणि एर्न्स्ट फेर असे पाच लेखक होते. प्रयोग झुरिचमध्ये झाला होता आणि तो समजायला अगदी सोपा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा तुम्हाला आणि एका अनोळखी माणसाला प्रत्येकी १२ नाणी दिली. तुम्ही त्याला काहीच देऊ नका, किंवा ४ द्या, ८ द्या, नाहीतर सगळी १२ द्या. जेवढी द्याल त्याच्या तिप्पट त्याच्या हातात पडणार. म्हणजे तुम्ही १२ दिलीत तर त्याला ३६ मिळाली, त्याची स्वतःची १२ धरून ४८. आता त्यातलं तुम्हाला किती परत द्यायचं हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. सगळं खिशात घालून तो निघून गेला तरी तुम्ही काही करू शकत नाही. तुम्ही एकमेकांचा चेहराही पाहिलेला नाही. भिशी लावताना, मित्राला उसने देताना, बिल्डरला आगाऊ रक्कम देताना आपण हाच खेळ खेळत असतो, फक्त नाणी खरी असतात.

खेळ सुरू व्हायच्या आधी निम्म्या लोकांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला, निम्म्यांच्या नाकात नुसता औषध नसलेला फवारा. कुणाला काय मिळालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळे तरुण पुरुष विद्यार्थी होते. निकाल असा आला, की ऑक्सिटोसिन घेतलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सगळीच्या सगळी नाणी समोरच्याला देऊन टाकली. साधा फवारा घेतलेल्या २९ जणांत असे फक्त ६ जण निघाले.

संशोधकांनी आणखी एक हुशारीची गोष्ट केली होती. त्यांनी हाच खेळ माणसाऐवजी यंत्राबरोबर खेळायला लावला. पैसे परत येणार की नाही हे तिथे निव्वळ नशिबावर ठरणार होतं. त्या वेळी दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे औषधाने माणूस जुगारी बनला नव्हता, त्याची भीड माणसाच्या बाबतीतच चेपली होती, असा अर्थ त्यांनी काढला.

अजून एक निष्कर्ष बातम्यांत फारसा आला नाही, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसे परत करणाऱ्या बाजूच्या लोकांनाही फवारा दिला होता. ते काही जास्त प्रामाणिक झाले नाहीत. विश्वास ठेवणारा सैल झाला, पण विश्वासाला पात्र होणारा होता तिथेच राहिला. काकूंच्या पुडीतली खडी आठवली ना?

सभेत फवारा मारला तर?

अस्वस्थतेला सुरुवात त्याच दिवशी झाली, आणि तीही त्याच अंकात. अंतोनियो दमासियो या नावाजलेल्या मेंदूतज्ज्ञाने या निबंधावर टिपण लिहिलं होतं. राजकीय मंडळी आपल्या उमेदवाराच्या सभेत गर्दीवर हे मारू लागतील अशी काळजी काहींना वाटेल, असं त्याने त्यात म्हटलं. पण पुढे असंही सुचवलं, की आजच्या जाहिरातबाजीची तंत्रं कदाचित माणसाच्या स्वतःच्याच शरीरातून हे रेणू सोडायला लावून काम करत असतील.

पहिला भाग लोकांनी उचलला. दुसरा विसरले.

मग बाजार जागा झाला. ‘लिक्विड ट्रस्ट’ नावाचा फवारा अमेरिकेतून इंटरनेटवर विकला जाऊ लागला. तो दुसऱ्याच्या नाकात मारायचा नव्हता बरं का. आपल्या कपड्यांवर मारा, समोरचा तुमच्यावर विश्वास ठेवेल, असा दावा. यातला विनोद बघा, की कपड्यावरून काही नाकात गेलंच तर ते आधी मारणाऱ्याच्याच जाईल. सेल्समनच गिऱ्हाइकावर भाळायचा! पॉल झॅक यांनी २०११ मध्ये टेड टॉक दिलं, २०१२ मध्ये ‘द मॉरल मॉलिक्यूल’ नावाचं पुस्तक काढलं आणि दिवसातून आठ मिठ्या मारा असा सल्ला दिला. वर्तमानपत्रांनी ‘लव्ह हार्मोन’, ‘ट्रस्ट हार्मोन’, ‘कडल केमिकल’ अशी नावं ठेवली. आजही रील्समध्ये तीच फिरतात.

मधल्या काळात भीती वाढवणारे आणखी निष्कर्ष आले. २००८ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की समोरच्यांनी आपल्याला बऱ्याचदा फसवलंय हे कळल्यावर साधे लोक हात आखडता घेतात, पण ऑक्सिटोसिन घेतलेले लोक पूर्वीसारखेच पैसे देत राहतात. नेदरलँड्समधल्या कार्स्टेन दे ड्रू यांच्या गटाने २०१० आणि २०११ मध्ये दाखवलं, की या हार्मोनने माया वाढते ती ‘आपल्या’ लोकांबद्दल, परक्यांबद्दल नाही. म्हणजे सभेत मारायला तर हे अधिकच धोकादायक. भीतीला एक नीट आकार मिळाला होता.

आणि मग फुगा बसला

विज्ञानात एक साधी पण निर्दय पद्धत असते. तुम्ही म्हणता ते मलाही करून दाखवता आलं पाहिजे. ऑक्सिटोसिन इथे अडखळलं.

बेल्जियममधल्या एका गटाने २०१० मध्ये म्हटलं होतं, की फवारा घेतलेले लोक आपली खासगी माहिती असलेला लिफाफा चिकटवायचीही तसदी घेत नाहीत, एवढा विश्वास वाढतो. याच गटाने प्रयोग पुन्हा केला, तर परिणाम गायब. २०१५ मध्ये त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी धाडस केलं. आपल्या प्रयोगशाळेत ऑक्सिटोसिनवर केलेले सगळे प्रयोग, कपाटात पडून राहिलेलेसुद्धा, बाहेर काढून एकत्र मोजले. एकूण परिणाम जवळजवळ शून्य निघाला. छापून आले होते ते प्रामुख्याने ‘काहीतरी सापडलं’ म्हणणारे प्रयोग. ‘काही सापडलं नाही’ हे कोण छापणार? मी पत्रकार आहे, म्हणून हे वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. ‘स्प्रे मारला आणि काहीच झालं नाही’ अशा मथळ्यावर तुम्ही तरी क्लिक केलं असतंत का?

२०१५ मध्येच नाव्ह, कॅमेरर आणि मॅककलो या तिघांनी तोवरचे विश्वासाचे प्रयोग एकत्र तपासले आणि ऑक्सिटोसिनने विश्वास वाढतो असं ठामपणे म्हणता येत नाही, हा निष्कर्ष काढला. मग २०२० मध्ये ६७७ लोकांवरचा मोठा प्रयोग आला. काय मोजणार, कसं मोजणार हे सगळं त्यांनी आधीच नोंदवून ठेवलं होतं, म्हणजे नंतर आकड्यांशी खेळायला वाव नाही. सरसकट विश्वास वाढलेला दिसला नाही. मुळातच कमी विश्वास ठेवणाऱ्या लोकांत, विशिष्ट परिस्थितीत, थोडासा परिणाम असू शकेल एवढा धागा उरला. तोही अजून तपासायचाच. या निबंधाच्या लेखकांत एक नाव होतं एर्न्स्ट फेर. २००५ च्या प्रयोगातलेच. स्वतःचा गाजलेला शोध मोडीत काढणाऱ्या कामावर सही करायला जिगर लागते.

प्रेअरी व्होलचंही तेच झालं. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकीय बदल करून असे व्होल तयार केले, ज्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिनला दाद देणारी यंत्रणाच नव्हती. तरी त्यांच्या जोड्या जमल्या, पिल्लंही वाढली. स्वमग्न मुलांना समाजात मिसळायला मदत होईल या आशेने २९० मुलांवर २४ आठवडे फवाऱ्याची चाचणी झाली होती, तिचा निकाल २०२१ मध्ये आला. औषध आणि साधा फवारा यांत फरक नव्हता. कितीतरी आईवडील त्या निकालाकडे डोळे लावून बसले असतील.

याचं एक कारण तर अगदी प्लंबिंगचं आहे. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. रक्तातून मेंदूत शिरायला त्याला एक भिंत आडवी येते. नाकातून मारलं तरी मेंदूपर्यंत त्याचा अगदी नगण्य भाग पोचतो. झुरिचच्या विद्यार्थ्यांना २४ युनिटचा डोस नाकात नीट मोजून फवारला होता आणि खेळायच्या आधी बराच वेळ थांबवलं होतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखायला देतात ते इंजेक्शन १० युनिटचं असतं, यावरून अंदाज घ्या. रस्त्यावर कुणी नाकासमोर कागद हलवला आणि दोन मिनिटांत तुम्ही बांगड्या काढल्या, हे या रेणूच्या बसची बात नाही.

गुंगीचं औषध देऊन लुटण्याचे प्रकार मात्र खरे आहेत, ते यात मिसळू नका. लांबच्या गाडीत चहा-बिस्किटांतून झोपेचं औषध दिल्याच्या तक्रारी रेल्वे पोलिसांकडे वर्षानुवर्षं येतात, म्हणून तर स्टेशनवर ती उद्घोषणा असते. पण त्या औषधाने माणूस झोपतो, पेंगतो, नंतर त्याला आठवत नाही. तो शुद्धीत राहून, हसून बोलून, स्वतःच्या हाताने दागिने काढून देत नाही. असं औषध गुन्ह्याच्या हेतूने देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पदार्थ ऑक्सिटोसिन असो नाहीतर आणखी काही.

आपल्याकडे ही भीती दुधातून आली

परदेशात लोक ऑक्सिटोसिनला घाबरले ते विश्वासासाठी. आपण घाबरलो ते चहासाठी.

वासरू मेलं किंवा लवकर तोडलं की म्हैस पान्हवत नाही. मग काही तबेल्यांत धार काढायच्या आधी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम १२ दुभत्या जनावराला अपायकारक इंजेक्शन देऊन दूध वाढवायला मनाई करतं. पण लेबल नसलेल्या स्वस्त बाटल्या चोरून मिळत राहिल्या. त्यातून अफवा वाढल्या. त्या दुधाने मुली लवकर वयात येतात, दुधी भोपळा एका रात्रीत हातभर वाढतो, वगैरे. दुधातून पोटात गेलेलं ऑक्सिटोसिन पाचकरसात तुटून जातं, म्हणून तर डॉक्टर त्याची गोळी देत नाहीत, इंजेक्शन देतात. खरा त्रास जनावराला होतो, आणि तो गंभीर आहे.

सरकारने काय केलं? २०१८ मध्ये आयात बंद केली आणि खासगी कंपन्यांनी देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायलाच बंदी घातली. फक्त कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एका सरकारी कंपनीने ते बनवायचं. आता विचार करा, जिल्ह्याच्या रुग्णालयात पहाटे तीन वाजता बाई बाळंत झालीये, रक्तस्राव थांबत नाही, आणि देशभरासाठी औषध बनवणारी कंपनी एकच. डॉक्टर हादरले. मुंबईची निऑन लॅबोरेटरीज ही औषध कंपनी आणि ऑल इंडिया ड्रग अॅक्शन नेटवर्क ही संस्था असे काही जण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने बंदी रद्द केली. निर्णयाला पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि तो मनमानी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय मोठ्या खंडपीठाकडे सोपवला.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण अफवेची किंमत कोण मोजतं ते इथे दिसतं. चोरून विकणाऱ्यावर हात टाकणं कष्टाचं होतं. त्यापेक्षा औषध बंद करणं सोपं वाटलं. त्यात बाळंतिणीच्या जिवाचा हिशेब मागे पडला.

औषध टोचून मनात शिरायचं का?

“पण उद्या खरंच असं औषध निघालं तर?” हा प्रश्न माझ्या आईने विचारला, आणि तो योग्य आहे. आजचं ऑक्सिटोसिन कुचकामी निघालं म्हणून प्रश्न संपत नाही.

या प्रश्नाच्या जवळचं एक प्रकरण महाराष्ट्राने अनुभवलंय, नार्को चाचणीचं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी आणि त्याचा बनावट मुद्रांक घोटाळा आठवतो का? त्याला सोडियम पेंटोथाल हे भुलीचं औषध देऊन प्रश्न विचारले गेले आणि त्या चाचणीची दृश्यं चक्क टीव्हीवर दिसली. लोकांना वाटलं, औषध दिलंय म्हणजे बोलतोय ते खरंच. प्रत्यक्षात अर्धवट गुंगीतला माणूस खरं बोलतो, खोटं बोलतो, विचारणाऱ्याच्या सुरात सूरही मिसळतो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेऊन दोषी ठरवलं, तेव्हा जगभरातले मेंदूतज्ज्ञ चकित झाले होते.

शेवटी ५ मे २०१० रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाच्या मर्जीविरुद्ध नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही हा घटनेच्या कलम २०(३) मधला हक्क इथे लागू होतो, आणि माणसाच्या मनाचंही एक खासगीपण असतं. औषध परिणामकारक आहे की नाही, एवढ्यावर न्यायालय थांबलं नाही. उद्या कुणी विश्वासाचा खरा फवारा घेऊन आलं, तर वादाची सुरुवात बहुधा इथून होईल.

मीरा रोडला फवारा लागला नव्हता

आता आमच्या गावची गोष्ट. ४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडमध्ये कॉल सेंटरवर छापे टाकले. सातशेहून जास्त तरुण-तरुणींना ताब्यात घेऊन चौकशी केली, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. ही पोरं अमेरिकेत फोन लावायची, अमेरिकन नावं घ्यायची आणि सांगायची, की मी तुमच्या आयकर खात्यातून बोलतोय, तुम्ही कर थकवलाय, पोलीस निघालेत, अटक टाळायची असेल तर लगेच पैसे भरा. पैसे गिफ्ट कार्डांवरून घ्यायचे. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेच्या न्याय खात्याने अशा कॉल सेंटरांच्या जाळ्याशी संबंधित ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले आणि हजारो लोक फसल्याचं सांगितलं.

हजारो मैलांवरचा, कधी न पाहिलेला माणूस फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवून दुकानात जातो, कार्डं विकत घेतो आणि त्यांचे नंबर वाचून दाखवतो. झुरिचच्या २९ पैकी १३ पेक्षा हा प्रयोग कितीतरी मोठा होता. साहित्य काय लागलं? हेडफोन, लिहून दिलेली स्क्रिप्ट, सरकारी खात्याचं नाव आणि घाई.

आज ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तीच स्क्रिप्ट उलटी आपल्याकडे आलीये. आणि काकूंना भेटलेले दोघं? मुंबई पोलिसांच्या भाषेत त्यांना ‘बोलबच्चन’ म्हणतात. हे जुनं तंत्र आहे. कधी शेठला मुलगा झालाय, तो गरिबांना साड्या वाटतोय, दागिने काढून ठेवा म्हणजे गरीब दिसाल. कधी तोतया पोलीस. वर्दीचा धाक, ‘तुमच्याच भल्यासाठी’ असा सूर, आणि विचार करायला वेळ न देणं. लोकलच्या डब्यात चिकटवलेलं ‘बाबा बंगाली, चोवीस तासांत वशीकरण’ हे स्टिकर वाचून आपण हसतो. पण मन वश करण्याचा धंदा त्या बाबापेक्षा या दोघांना जास्त चांगला जमतो. त्यांच्याकडे मंत्र नसतो, सराव असतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकूंकडे गेले. त्या सोफ्यावर बसल्या होत्या, हातात प्लास्टिकच्या बांगड्या. चार दिवस झाले तरी तक्रार दिली नव्हती. मुलगा सारखा म्हणत होता, “एवढं कसं कळलं नाही तुला?” आणि काकू सारख्या सांगत होत्या, “अरे, मला काहीतरी हुंगवलं.”

मी फवाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे औषध नव्हतं. मग मी मूर्खच ना गं?”

माझ्याकडे याचं उत्तर तयार नव्हतं. ग्रुपवरचे लोक फवाऱ्याची गोष्ट एवढी का धरून बसले होते, हे मला तेव्हा कळलं. फवारा असेल तर दोष काकूंचा नाही, आणि आपल्यावर ती वेळ आली तर आपलाही नाही. मी त्यांना मीरा रोडच्या कॉल सेंटरचं सांगितलं. शिकलेले, इंग्रजी बोलणारे, स्वतःच्या देशात बसलेले अमेरिकन लोक फसले होते. त्यांनाही कुणी काही हुंगवलं नव्हतं. वर्दी घातलेला माणूस आपली काळजी करतोय म्हटल्यावर ऐकावंसं वाटतं, त्यात मूर्खपणा कसला? काकूंनी मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी, काकू आणि त्यांचा मुलगा पोलीस ठाण्यात गेलो. ऑनलाइन फसवणूक असती तर १९३० वर लगेच फोन करून पैसे अडवायचा प्रयत्न करता आला असता. इथे पैसे नव्हते, सोनं होतं, आणि चार दिवस गेले होते. हवालदार लिहून घेत होते. वय, वेळ, कुठल्या गल्लीत, दोघांचे कपडे कसे होते. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, “मावशी, काही हुंगवलं का? रुमाल, कागद, काही?”

काकूंनी एकदा मुलाकडे पाहिलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नुसते बोलले.”